माझं मन मला किती कळतं? आत्मनिरीक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात, व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी आणि मेलवर हे प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

आत्मनिरीक्षण म्हणजे नेमकं काय? निवडणूक हरल्यावर पक्ष करतात ते?

नाही. तिथे 'आपलं काय चुकलं' हा प्रश्न असतो, आणि तोही बहुधा पत्रकार परिषद संपेपर्यंतच टिकतो. इथला प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा आहे: या क्षणी माझ्या मनात काय चाललंय? दाढ ठणकतेय, चहाची तल्लफ आलीय, काल साहेब जे बोलले ते डोक्यातून जात नाहीये, समोरच्या माणसाचा कंटाळा आलाय. हे कळायला मला कोणाला विचारावं लागत नाही की पुरावा गोळा करावा लागत नाही. असं आतून, थेट कळणं म्हणजे आत्मनिरीक्षण. त्याला 'ज्ञान' म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कुठपर्यंत, एवढाच वाद आहे.

माझ्या मनात काय आहे हे मला नाही कळणार, तर कोणाला कळणार?

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं वाटतं खरं. पण या प्रश्नात दोन दावे एकमेकांत अडकलेत. पहिला असा की माझ्या मनाकडे जाणारी जी वाट मला आहे, ती दुसऱ्या कोणालाही नाही. हे मान्य. दुसरा असा की त्या वाटेवर माझी कधीच चुकामूक होत नाही. हा पहिल्यातून निघत नाही. घराची किल्ली फक्त माझ्याकडे आहे म्हणून घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे मला माहीत असतंच असं नाही.

युरोपात या विश्वासाला बळ दिलं ते फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने. सगळ्यावर शंका घेता येते, पण मी शंका घेतोय यावर घेता येत नाही, हा त्याचा १६४१ सालचा मुद्दा आजही पक्का आहे. गडबड झाली ती पुढे. 'मी विचार करतोय' एवढ्यापुरती असलेली खात्री लोकांनी अख्ख्या मनाला लावून टाकली. गंमत बघा: देकार्तला आत बघितल्यावर 'मी' सापडला. १७३९ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने तसंच आत बघितलं, तर त्याला ऊन-थंडी, उजेड-सावली, प्रेम-द्वेष असे सुटे अनुभव सापडले. 'मी' काही हाती लागला नाही. साधन तेच, आणि बघणारे दोघेही हुशार.

मन स्वतःकडेच कसं बघणार? डोळा स्वतःला बघू शकतो का?

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हेच विचारतो: 'विज्ञातारमरे केन विजानीयात्', जो सगळं जाणतो त्याला कशाने जाणायचं? त्यानंतर कित्येक शतकं आपल्याकडच्या दर्शनांनी या प्रश्नाचा कीस काढला. दुर्दैवाने आपल्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात तो एका ओळीत उरकतात.

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते मन हे आतलं इंद्रिय. समोर घडा दिसला, हे एक ज्ञान. 'मला घडा दिसला' हे त्याच्या मागून येणारं दुसरं ज्ञान. त्याला ते अनुव्यवसाय म्हणतात. विरोधक लगेच आडवे जातात: दुसरं कळायला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं, हे थांबणार कुठे? नैयायिक शांतपणे सांगतात की प्रत्येक ज्ञान कळलंच पाहिजे असा दंडक कुठे आहे?

बौद्ध आचार्य दिङ्नागाला हे पटत नाही. त्याच्या मते ज्ञान उगवतं तेच स्वतःला उजळत, हे स्वसंवेदन. त्याचा पुरावा आठवणीचा आहे. कालचा घडा आठवताना नुसता घडा आठवत नाही, तो मी पाहिला हेही आठवतं. ज्याचा अनुभवच आला नव्हता, ते आठवेल कसं? यावर बौद्धांमधल्याच माध्यमिक नावाच्या पंथाचे लोक उलटले. शांतिदेव म्हणतो, तलवारीची धार स्वतःला कापत नाही, तसं मन स्वतःला बघत नाही.

सगळ्यांत धाडसी उत्तर मात्र मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टाचं. त्याच्या मते ज्ञान थेट दिसतच नाही. वस्तू 'कळलेली' अशी समोर येते, आणि त्यावरून मला ज्ञान झालं असलं पाहिजे असं मी ठरवतो. म्हणजे स्वतःच्या मनाबद्दलसुद्धा आपण अनुमानच करतो! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. पुढचे प्रयोग वाचल्यावर तेवढं हसू येत नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत ऑगस्त कोंत यानेही असाच आक्षेप घेतला. विचार करणाऱ्याला स्वतःचे दोन तुकडे करता येत नाहीत, की एकाने विचार करावा आणि दुसऱ्याने बघत बसावं. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने त्याला सरळ उत्तर दिलं: त्याच क्षणी बघू नका, क्षण सरल्या सरल्या आठवणीत बघा. रोजच्या वापराला हे पुरतं. फक्त त्यासोबत आठवणीचे सगळे दोष पदरात येतात, हे विसरायचं नाही.

मानसशास्त्राची सुरुवातच आत्मनिरीक्षणाने झाली, असं पुस्तकात असतं. मग ते सोडून का दिलं?

'वुंट, लाइपझिग, १८७९', म्हणजे मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा, एवढं लिहून परीक्षेत मार्क मिळतात, पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. विल्हेल्म वुंट स्वतः फार सावध माणूस होता. खुर्चीत बसून आपल्या मनाचं वर्णन करण्यावर त्याचा विश्वास नव्हता. मेट्रोनोमचे (ताल धरणाऱ्या यंत्राचे) ठोके, प्रकाशाची तिरीप असं साधं काहीतरी द्यायचं, तेच पुन्हा पुन्हा द्यायचं, आणि लगेच छोटीशी नोंद घ्यायची, अशी त्याची रीत. दहा हजार वेळा सराव केल्याशिवाय तिथे निरीक्षक म्हणून कोणाला उभं करत नसत, अशी दंतकथा पुढे पसरली. आणि खऱ्या विचाराचा अभ्यास या रीतीने होणार नाही, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याचा शिष्य एडवर्ड टिचनर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि त्याने ही पद्धत पार ताणली. त्याच्या प्रयोगशाळेत समोर टेबल असलं तरी 'टेबल दिसतंय' म्हणायची सोय नव्हती. ते चुकीचं उत्तर. रंग सांगा, उजळपणा सांगा, आकार सांगा. वस्तूचं नाव घेतलंत की तुम्ही मनाबद्दल न बोलता जगाबद्दल बोलायला लागलात. १८९६ च्या पुस्तकात त्याने मूलभूत संवेदनांची मोजदाद चव्वेचाळीस हजारांच्या वर नेली. त्यांतल्या बहुतेक एकट्या डोळ्याच्या.

इकडे जर्मनीत वुर्झबुर्गला वुंटचाच दुसरा शिष्य ओस्वाल्ड क्युल्प आणि त्याची मंडळी वेगळंच सांगू लागली. १९०१ पासून त्यांच्या निरीक्षकांनी नोंदवलं की शब्द ऐकणं आणि उत्तर देणं यांच्यामध्ये कधी कधी असं काही येतं, ज्याला ना चित्र असतं, ना आवाज, ना कसली संवेदना. नुसता विचार. टिचनरच्या लोकांनी कळवलं की नीट बघा, कुठेतरी पुसटसं चित्र किंवा स्नायूंचा हलका ताण असणारच. वुर्झबुर्गवाले म्हणाले, बघितलं, नाहीये.

आता हा तंटा सोडवायचा कोणी? दोन्हीकडचे निरीक्षक कसलेले, दोन्हीकडचे प्रामाणिक. तिसरं काही बघायची सोयच नव्हती. १९१३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने नेमकं इथेच बोट ठेवलं: इतर शास्त्रांत निकाल जुळला नाही तर उपकरणात दोष शोधतात, इथे मात्र 'तुमचं निरीक्षण कच्चं आहे' म्हणतात. मग मन सोडा, वागणूक मोजा. पुढची काही दशकं अमेरिकेत तेच चाललं.

पण आत्मनिरीक्षण टाकून दिलं, हे अर्धसत्य आहे. चष्म्याचा नंबर काढताना काच बदलून 'आता स्पष्ट दिसतंय की मगाशी दिसत होतं?' असं विचारतात, तेव्हा काय विचारतात? दृष्टी-श्रवणाच्या असंख्य प्रयोगांत ते पाठच्या दाराने कायमच राहिलं.

मी एखादी गोष्ट का केली, हे तरी मला माहीत असतंच ना?

इथेच सगळ्यांचा पाय घसरतो.

रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक लेख छापला. त्यातला एक प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका दुकानात झाला. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यांतला सगळ्यात चांगला कोणता? लोकांनी हात लावून, ताणून बघून निवड केली. कारण विचारल्यावर विणकाम, पोत, टिकाऊपणा अशी कारणं दिली. चारही जोड हुबेहूब एकच होते. निवडीचे आकडे डावीकडून उजवीकडे असे: १२, १७, ३१ आणि ४० टक्के. उजव्या टोकाचा जोड डाव्या टोकापेक्षा तिपटीहून जास्त वेळा निवडला गेला.

जागेचं कारण एकानेही आपणहून सांगितलं नाही. 'कुठला जोड कुठे ठेवलाय याचा परिणाम झाला असेल का?' असं थेट विचारल्यावरही जवळपास सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि वर विचारणाऱ्याकडे असं बघितलं की याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसराच भाग. त्यांनी काही प्रयोगांतली परिस्थिती बाहेरच्या लोकांना नुसती वर्णन करून सांगितली आणि 'इथे माणूस कशामुळे असं वागेल?' असं विचारलं. बाहेरच्यांनी दिलेली कारणं आणि प्रत्यक्ष त्यातून गेलेल्यांनी दिलेली कारणं बहुतांशी सारखीच निघाली. म्हणजे स्वतःबद्दल सांगताना कोणी आत डोकावून काही आणलं नव्हतं. 'वस्तू चांगली म्हणून घेतली' हा जो सर्वांच्या घरचा हिशेब, तोच मांडला होता. कुमारिलांना यात नवल वाटलं नसतं.

म्हणून या पानावर एकच फरक लक्षात ठेवायचा तर तो असा: आत 'काय' चाललंय हे आत्मनिरीक्षणाला विचारा, 'का' चाललंय हे विचारलंत तर उत्तर मिळेल, पण ते बहुधा दुसरीकडून आलेलं असेल. पंचाईत ही की दोन्ही उत्तरं देताना वाटणारी खात्री अगदी सारखी असते. खात्रीच्या चवीवरून कोणतं कुठून आलं ते ओळखू येत नाही.

म्हणजे लोक खोटं बोलतात?

अजिबात नाही. ते मनापासून सांगतात, म्हणून तर अवघड आहे.

मायकेल गझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी मेंदूचे दोन अर्धगोल शस्त्रक्रियेने वेगळे केलेल्या एका तरुण रुग्णाचा प्रयोग १९७८ साली नोंदवला. बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फाने झाकलेलं घर. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायचं होतं. उजव्या हाताने (तो डाव्या अर्धगोलाच्या ताब्यात) कोंबडी दाखवली, डाव्या हाताने (तो उजव्याच्या ताब्यात) फावडं. कारण विचारल्यावर तो म्हणाला, पंजा कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं. बर्फाचं चित्र बोलणाऱ्या अर्ध्या मेंदूला माहीतच नव्हतं. पण उत्तर द्यायला त्याला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

हा रुग्ण होता म्हणून सोडून द्याल, तर स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा २००५ चा प्रयोग बघा. १२० धडधाकट माणसं. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जो आवडला तो त्यांच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, हाच का? काही वेळा हातचलाखीने न निवडलेलाच फोटो हातात दिला. बहुतेक वेळा कोणाच्या लक्षात आलं नाही. एकाने सांगितलं, मला कानातली आवडली. त्याने मुळात निवडलेल्या बाईच्या कानांत काहीच नव्हतं.

निदान दुखण्याबद्दल तरी मी चुकणार नाही?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात: 'कसं दुखतं? ठणकतं की चमक मारते?' 'ठसठसतंय.' 'एका जागी, की फिरतं?' 'इथून निघतं आणि पाठीत जातं.' 'बोट ठेवून दाखवा बरं.' मग पोट दाबतात आणि सोडतात, 'दाबल्यावर जास्त की सोडल्यावर?' रोगनिदानाचं निम्मं काम या संभाषणावर उभं असतं आणि ते पूर्णपणे आत्मनिरीक्षण आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅकने १९७५ साली दुखण्याचे असेच शब्द गटागटांनी लावून प्रश्नावली बनवली. ती आजही वापरतात.

तुम्हाला दुखतंय, यावर कोणी हरकत घेऊ शकत नाही. पण त्याला चिकटून येणारं बाकीचं तपासून घ्यावं लागतं. अपेंडिक्सची कळ पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होते आणि नंतर उजवीकडे खाली सरकते. हृदयविकाराचं दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणवतं. हात कापावा लागलेल्या माणसाचा नसलेला हात दुखतो. दुखणं शंभर टक्के खरं, हातच नाही. कळ खरी, तिचा पत्ता खरा असेलच असं नाही.

शून्य ते दहाच्या पट्टीवर 'किती दुखतं' सांगायचं, त्याचंही तसंच. माझे सात आणि तुमचे सात एकच, असं म्हणायला काही आधार नाही. माझे काल सात होते, आज चार आहेत, हे मात्र उपयोगाचं.

आणि राग?

'मी चिडलेलो नाहीये!' हे वाक्य प्रत्येक घरात किती मोठ्या आवाजात बोललं जातं ते आठवा.

डोळे मिटून आईचा चेहरा आठवायला सांगितलं तर मला काहीच दिसत नाही. लोकांना खरंच दिसतं का?

हो, पुष्कळांना दिसतं. आणि तुम्ही एकटे नाही. फ्रान्सिस गॅल्टनने १८८० साली लोकांना विचारलं होतं, आज सकाळचं नाश्त्याचं टेबल मनासमोर आणा आणि सांगा चित्र किती स्पष्ट आहे. कोणाला प्रत्यक्षासारखं दिसलं, तर काही वैज्ञानिक म्हणाले की 'मनःचक्षू' ही नुसती बोलायची पद्धत आहे असं ते समजत होते. २०१५ मध्ये ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी चित्र न दिसण्याला 'अफँटेझिया' हे नाव दिलं.

इथे वॉटसनची शंका येणारच: हे फक्त सांगण्यातले फरक असतील, दिसतं सगळ्यांना सारखंच! यावर छान तोडगा निघाला. लख्ख पांढरा आकार नुसता कल्पनेत आणला तरी बहुतेकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या किंचित आकसतात, खरा उजेड पडल्यासारख्या. २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं की 'मला चित्र दिसत नाही' म्हणणाऱ्यांच्या बाहुल्यांमध्ये तसा बदल होत नाही. बाहुली ठरवून लहान-मोठी करता येत नाही. म्हणजे 'काय' या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर बाहेरच्या पुराव्याला उतरलं. आत्मनिरीक्षणाला सरसकट मोडीत काढणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर बघावा.

माझ्या डोक्यात अखंड बडबड चालू असते. सगळ्यांच्याच असते का?

अखंड असते, असं तुम्हाला वाटतं. लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठातले रसेल हर्लबर्ट गेली अनेक दशकं लोकांच्या खिशात एक बीपर देतात. तो दिवसातून काही वेळा अवचित वाजतो. वाजला की त्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होतं तेवढंच टिपायचं. नंतर तासभर बसून त्या एका क्षणाची उलटतपासणी होते: शब्द होते म्हणता, तर कोणते? आवाज तुमचा होता का? ३० विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात आतलं बोलणं सरासरी साधारण चारांतल्या एका क्षणातच सापडलं. माणसागणिक फरक प्रचंड: कोणाकडे जवळपास नाहीच, कोणाकडे बहुतेक वेळा.

आणि वुर्झबुर्गचं ते जुनं भांडण आठवतंय? हर्लबर्टच्या नोंदींतही शब्द नाहीत, चित्र नाही, तरी अमुक एक गोष्ट मनात आहे, असे क्षण चांगल्यापैकी निघतात. वुर्झबुर्गवाल्यांचं पारडं थोडं जड झालं, असं मला वाटतं. टिचनर असता तर त्याने नक्कीच 'नीट बघा' म्हटलं असतं.

'तुमचं मत काय?' असं विचारल्यावर आपण आत बघतो का?

बहुधा नाही. 'आज पाऊस पडेल असं वाटतं का तुला?' असं आईने विचारलं की आपण मनात डोकावत नाही, खिडकीतून आभाळाकडे बघतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ गॅरेथ एव्हान्स यांचा हा मुद्दा १९८२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. माझं मत काय आहे, याचं उत्तर मी जगाकडे बघून देतो.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. मत विचारणं हे पुष्कळदा मत बनवायला लावणं असतं. सर्वेक्षणवाला दारात उभा राहून 'या प्रकल्पाबद्दल तुमचं मत काय' विचारतो, तेव्हा मत आधीपासून आत पडून होतं आणि आपण ते उचलून दिलं, असं समजायचं कारण नाही.

विपश्यना केल्याने मन जास्त खरं दिसतं का?

इगतपुरीला धम्मगिरीत १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरं चालतात, त्यामुळे महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास येतो. पहिले तीन दिवस फक्त श्वास आणि नाकाखालची जागा, मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना क्रमाने बघत जायचं. बोलायचं नाही, लिहायचं नाही. इथे 'का' हा प्रश्न मुळात बाजूला ठेवलेला असतो. खाज आली तर खाज. का आली, कोणामुळे आली, यात शिरायचं नाही. ही शिस्त मला फार शहाणपणाची वाटते.

अचूकता वाढते का, हे मात्र कशाबद्दल विचारता त्यावर आहे. स्वतःच्या हृदयाचे ठोके नाडी न धरता मोजण्याच्या चाचणीत अनुभवी ध्यान करणारे इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात शरीराचा कोणता भाग स्पर्शाला किती संवेदनशील आहे याचा अंदाज जास्त ध्यान केलेल्यांचा जास्त बरोबर आला. ज्याचा सराव केला, त्यात फायदा झाला. शिबिरातून आल्यावर 'आता मला माझं सगळं कळलं' म्हणणाऱ्यांपासून मी थोडा लांबच राहतो.

रोजनिशी लिहून स्वतःला समजून घ्यावं का?

लिहा, पण काय लिहिता ते बघा. विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना घरी न्यायला पोस्टर निवडायला दिली. काही नामवंत चित्रकारांची, काही विनोदी. काहींना आधी आपल्या आवडीची कारणं लिहायला लावली. कारणं लिहिणाऱ्यांनी विनोदी पोस्टर जास्त उचलली, आणि तीन आठवड्यांनी विचारलं तेव्हा तेच आपल्या निवडीवर कमी खूश होते. विनोदी पोस्टर का आवडलं हे शब्दांत मांडणं सोपं. दुसऱ्या चित्राबद्दल सांगायला शब्द जुळत नाहीत. जे सांगता येतं तेच कारण, असं मन धरून चालतं.

म्हणून 'मी असा का आहे' अशी पानं भरण्यापेक्षा 'आज कधी, कुठे, काय वाटलं' असं लिहावं. 'दुपारी चार. मीटिंगमध्ये नाव घेतलं नाही. पोटात गोळा.' महिन्याभराने चाळलं की कारणं पानांवर आपोआप जुळताना दिसतात, आणि ती वेळ, जागा, माणसं बघून जुळवलेली असतात.

बायको म्हणते, तुमच्यापेक्षा मी तुम्हाला जास्त ओळखते. हे शक्य आहे?

काही बाबतींत नक्कीच. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात चिंता, अस्वस्थता यांबद्दल माणसाचा स्वतःचा अंदाज जास्त बरोबर ठरला. बुद्धी, कल्पकता अशा गुणांबद्दल मित्रमैत्रिणी अचूक निघाल्या. कारण उघड आहे: धडधड आतून कळते, पण हुशारीचा प्रश्न आला की आपला तो बाब्या. तेव्हा काय वाटतंय हे तुम्ही सांगा, कसे वागता हे त्यांना सांगू द्या.

मेंदूचे स्कॅन इतके पुढे गेल्यावर आत्मनिरीक्षणाची गरजच काय?

स्कॅनवर उजळलेला भाग दुखण्याशी संबंधित आहे, हे पहिल्यांदा कशावरून ठरवलं? आत झोपलेल्या माणसाने 'दुखतंय' म्हटलं, त्यावरून.

घरी करून बघता येईल असं काही आहे का?

आहे, पत्त्यांचा कॅट लागेल. 'काय' हा प्रश्न सोपा आहे असा समज आतापर्यंत झाला असेल, तर हा प्रयोग कराच. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी तो लोकप्रिय केला.

आधी स्वतःला विचारा: समोर बघताना माझ्या नजरेत किती भाग स्पष्ट दिसतो? बहुतेक जण म्हणतात, जवळपास सगळा, कडेला थोडा पुसट. आता समोरच्या भिंतीवर एक ठिपका निवडा आणि नजर तिथेच ठेवा. कॅटमधला एक पत्ता न बघता काढा, हात लांब करून कडेला धरा, इतका की तो जेमतेम नजरेच्या टप्प्यात येईल. पत्ता हलवा, हलतोय हे कळेल. लाल की काळा? सांगता येणार नाही. हळूहळू मध्याकडे आणा. नजर पत्त्याकडे पळायला बघेल, तिला जाऊ देऊ नका. शक्यतो समोर कोणाला तरी तुमच्या डोळ्यांवर पाळत ठेवायला बसवा. रंग कळायला पत्ता बराच आत आणावा लागतो. तो बदामचा गुलाम आहे की राजा, हे तर अगदी ठिपक्याजवळ आल्याशिवाय कळत नाही. लहान मुलांना यात फार मजा येते, आणि मोठी माणसं सहसा पहिल्या वेळी पत्ता नीट धरला नव्हता असं म्हणून दुसरा मागतात.